जॅक्सन, रूडी

जॅक्सन, रूडी : (१९०१–सु. १९६८). जॅझच्या सुरुवातीच्या पिढीतील अमेरिकन क्लॅरिनेट व सॅक्सोफोनवादक. पूर्ण नाव रूडॉल्फ जॅक्सन. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने १९२७ मध्ये मुद्रित केलेल्या ‘क्रिओल लव्ह कॉल’ या रचनेतील क्लॅरिनेटवादनामुळे आणि ती रचना मुळात कोणाची, या वादामुळे त्याचे नाव जॅझच्या इतिहासात राहिले. भारतात येऊन वाजवणाऱ्या आफ्रिकी-अमेरिकन जॅझवादकांच्या पहिल्या फळीतही त्याची गणना होते.

जीवन : जन्म इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे. आई-वडील दोघेही संगीताच्या व्यवसायात होते. बालपण शिकागोत गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने शिकागोत आली. त्यांच्याबरोबर न्यू ऑर्लीन्सचे वादकही आले आणि शहराच्या दक्षिण भागातील नृत्यगृहे जॅझने भरली. याच वातावरणात १९१८ च्या सुमारास जॅक्सन व्यावसायिक वादक झाला. त्याने कॅरोल डिकर्सन आणि पुढे कॉर्नेटवादक जो ‘किंग’ ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदांत वाजवले. ‘लकी सॅम्बो’ या फिरत्या रंगमंचीय खेळाबरोबर दौरा केला. १९२७ मध्ये तो न्यूयॉर्कला एलिंग्टनच्या वाद्यवृंदात दाखल झाला.

वाद्ये : क्लॅरिनेट व सॅक्सोफोन ही दोन्ही एकपाती वाद्ये असली, तरी फुंकीचा जोर वाढवला की सॅक्सोफोनचा स्वर सप्तकाने चढतो, क्लॅरिनेटचा मात्र सप्तक ओलांडून आणखी पंचमाइतका. त्यामुळे बोटांची ठेवण बदलते आणि एका वाद्याचा सराव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. तरीही त्या काळच्या नृत्यवृंदांत सॅक्सोफोनवादकाला क्लॅरिनेट यावेच लागे, कारण एका माणसाच्या पगारात दोन वाद्यांचे रंग मिळत. एलिंग्टनकडे ऑटो हार्डविक, हॅरी कार्नी व जॅक्सन ही तिघांची फळी होती. जॅक्सन टेनर सॅक्सोफोन वाजवी आणि क्लॅरिनेटचे प्रमुख काम त्याच्याकडे असे.

ध्वनिमुद्रणे : जॅक्सनची महत्त्वाची ध्वनिमुद्रणे इतरांच्या वाद्यवृंदांतील आहेत. १९२७ मध्ये विजेच्या ध्वनिग्राहकाने मुद्रण सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. दहा इंची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. तेवढ्यात एका वादकाच्या वाट्याला बहुधा एकच आवर्तन येई.

२६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी मुद्रित झालेली ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही यांतील सर्वांत प्रसिद्ध रचना. तिचा पाया बारा मात्राखंडांच्या ब्लूजचा आहे. आरंभी तीन क्लॅरिनेट एकत्र धून मांडतात आणि गायिका ॲडिलेड हॉल शब्दांवाचून, केवळ स्वरांनी त्यांना उत्तर देते. त्यानंतर बबर माइलीचा दबक्या, गुरगुरत्या आवाजातील ट्रम्पेट येतो आणि पुढे जॅक्सनचे एकल क्लॅरिनेट. त्यात वेग किंवा करामत नाही. उंच पट्टीतला लांबवलेला, किंचित थरथरणारा स्वर हे त्याचे वैशिष्ट्य असून ऑलिव्हरच्या काळातील शिकागो घराण्याची छाप त्यावर दिसते. मानवी आवाजाला वाद्यासारखे वापरण्याच्या जॅझमधील सुरुवातीच्या प्रयोगांत या तबकडीचा उल्लेख होतो.

वाद : ही धून आपली म्हणून जॅक्सनने एलिंग्टनला दिली होती. प्रत्यक्षात ती ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने १९२३ मध्ये कोलंबिया कंपनीसाठी मुद्रित केलेल्या ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’मधील होती. जॅक्सन ऑलिव्हरकडे वाजवून आलेला असल्याने ती त्याच्या कानात असणे स्वाभाविक होते. तबकडी गाजल्यावर ऑलिव्हरने हक्क सांगितला. परंतु मूळ रचनेच्या नोंदणीतील त्रुटींमुळे त्याला यश आले नाही. वादक एकमेकांच्या धुना कानाने उचलून वाजवत, हा त्या काळचा रिवाजच होता. तबकडीबरोबर स्वामित्वशुल्क आले, तेव्हा या रिवाजाचा हिशेब द्यावा लागला. थोड्याच काळात जॅक्सन एलिंग्टनकडून बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या न्यू ऑर्लीन्सच्या बार्नी बिगार्डने ती जागा १९४२ पर्यंत सांभाळली.

यूरोप व भारत : १९२९ पासून १९३३ पर्यंत जॅक्सन नोबल सिसलच्या वाद्यवृंदात होता. त्या निमित्ताने तो यूरोपात वाजवून आला. पुढे तो पियानोवादक टेडी वेदरफर्डच्या वाद्यवृंदातून भारत व सिलोनमध्ये (आताचे श्रीलंका) वाजवू लागला आणि दुसरे महायुद्ध संपेपर्यंत याच भागात राहिला.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद आल्यापासून या शहरात जॅझचा जोर वाढला होता. ॲबीच्या मागोमाग कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ व वेदरफर्ड यांनी तेथे वाद्यवृंद चालवले. मुंबईकर मेना सायलस यांची ‘ताजमहाल’ ही फॉक्सट्रॉट धून १९३६ मध्ये स्मिथच्या वाद्यवृंदाने रेक्स छापाच्या तबकडीवर मुद्रित केली. ताजच्या नृत्यदालनात प्रवेश मूठभरांनाच असे, पण तेथील वादनाचा परिणाम दालनाबाहेर अधिक झाला. गोव्यातील चर्चच्या संगीतशाळांत शिकलेल्या वादकांना पाश्चात्त्य स्वरलेखन उत्तम वाचता येई. तालाला झोका देणे आणि कागद बाजूला ठेवून जागच्या जागी सुरावट रचणे, हे त्यांनी या अमेरिकन वादकांना ऐकून आत्मसात केले. सॅक्सोफोन व क्लॅरिनेट दोन्ही वाजवणारे मिकी कोरिया १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (आंतोनिओ शावियेर वाझ) हेही याच परंपरेतले.

या परंपरेचा ओघ पुढे हिंदी चित्रपटसंगीतात आला. कोपरगावजवळच्या पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र नरहर चितळकर, १९१८–८२) यांनी चिक चॉकलेट यांना हाताशी धरून अलबेला (१९५१) या चित्रपटातील नृत्यगीतांत ट्रम्पेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन यांचा मोकळेपणाने वापर केला. पडद्यावर चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह दिसतातही. गोदाकाठच्या गावात जन्मलेल्या संगीतकाराचा कान आणि शिकागोहून ताजमार्गे आलेली वादनरीत यांची ही भेट जॅक्सनसारख्या अनेक वादकांच्या मुक्कामामुळे शक्य झाली.

महायुद्धानंतर जॅक्सन अमेरिकेस परतला आणि संगीताबाहेरच्या नोकरीवर राहिला. १९६८ च्या सुमारास शिकागो येथे तो निधन पावला. ‘क्रिओल लव्ह कॉल’च्या रचनाकारांत एलिंग्टन व माइली यांच्याबरोबर आजही त्याचे नाव छापले जाते, ऑलिव्हरचे नाव त्यात नाही.