लॉट टेस्टिंग (रायफल नेमबाजी)

आपल्या रायफलच्या बॅरलला कारखान्यातल्या कोणत्या लॉटची काडतुसे मानवतात, हे प्रत्यक्ष गोळ्या झाडून ठरवण्याची पद्धत. कोल्हापूरच्या नेमबाजांनी 50 मीटर रायफल प्रकारात नाव कमावले. काडतुसाच्या बाजूने अचूकता वाढवण्याचा या प्रकारात लॉट टेस्टिंग हाच काय तो मार्ग आहे, कारण त्याचे .22 लाँग रायफल काडतूस (व्यास 5.6 मिमी) हाताने भरता येत नाही.

मोठ्या बोअरच्या काडतुसाची गोष्ट वेगळी. त्याची टोपी बुडाच्या मध्यावर स्वतंत्र बसवलेली असते. बार उडाल्यावर पितळी केस उचलायची, टोपी बदलायची, दारू ग्रेनच्या हिशेबात तोलायची, गोळी हव्या तितक्याच खोलीवर बसवायची. लांब पल्ल्याचे परदेशी नेमबाज हे घरच्या टेबलावर करतात. .22 मध्ये टोपीचा मसाला बुडाच्या कडेतच पसरलेला असतो. पिन आपटली की कड चेपते आणि केस निकामी होते. शिवाय भारतात शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायलाही परवाना लागतो. हाताने बार भरणे आपल्याला नवे नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर पिकांच्या राखणीला ठासणीची बंदूक असे, तिचा प्रत्येक बार गजाने ठासूनच भरला जाई. पण तिथे रानडुक्कर पळाले की काम झाले, मिलिमीटर कोण मोजतो!

इथे मिलिमीटरच मोजावे लागतात. 50 मीटरवरच्या रायफल लक्ष्यातले दहाचे वर्तुळ 10.4 मिमी व्यासाचे असते आणि अंतिम फेरीत गुणाचा प्रत्येक दशांश 0.8 मिमीवर ठरतो. स्पर्धेची शिशाची गोळी 40 ग्रेनची (सुमारे 2.6 ग्रॅम), वेग ध्वनीपेक्षा थोडा कमी. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, तरी त्या लक्ष्यावर ढोबळमानाने 7 मिमी खाली-वर लागतात. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण गुण हातचा जातो, आणि यात नेमबाजाचा काहीच दोष नसतो.

एलीचे टेनेक्स, आरडब्ल्यूएसचे आर 50 किंवा लापुआची काडतुसे उत्तमच. तरी त्यांच्या दोन लॉटमध्ये फरक राहतोच. गुऱ्हाळावरची दोन आदणे कधी एकसारखी उतरतात का? गंमत अशी, की एका बॅरलला लाभलेला लॉट शेजारच्या, त्याच कंपनीच्या बॅरलला लाभेलच असे नाही. म्हणून रायफल शिकंजात पक्की आवळतात, एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि छिद्रांचा ग्रुप मोजतात. एखादा छान ग्रुप योगायोगानेही पडतो, तेव्हा चाचणी पुन्हा करावी लागते. उतावळ्या माणसाचे हे काम नव्हे. लॉट बदलला की बॅरलमध्ये नव्या काडतुसाच्या वंगणाचा थर बसेपर्यंत काही गोळ्या खर्ची पडतात. हे वंगण थंडीत घट्ट आणि उन्हात मऊ होते, त्यामुळे युरोपातल्या थंड हॉलमध्ये निवडलेला लॉट इथल्या एप्रिलात पुन्हा तपासून घेणे शहाणपणाचे. पसंत पडलेला लॉट मोसमभर पुरेल इतका एकदम घेतात. आपल्याकडे हा माल बहुतांशी आयात होतो, त्यामुळे परवानगी आणि कोटाही सांभाळावा लागतो.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोनमध्ये 600 पैकी 597 गुणांसह जागतिक विजेतेपद मिळवले; नेमबाजीत जगज्जेती ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत 590 गुणांसह सातवे स्थान घेतले आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत 451.4 गुणांवर कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधव यांच्या 1952 च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्थिर हात आणि श्वासावरचा ताबा आधी, लॉट नंतर. पण या पातळीवर मागे राहिलेला दशांश शोधायला जागा फार थोड्या उरतात.

नवशिके 10 मीटर एअर रायफलने सुरुवात करतात. तिला दारू लागत नाही, पण पेलेटची पारख तिथेही चुकत नाही. 4.49, 4.50, 4.51 मिमी अशा डोक्याच्या मापांच्या डब्या मिळतात. आपल्या बॅरलला कोणती चालते, ते झाडून पाहूनच कळते.