मनसर आणि तिवोली : राजनिवासांच्या अवशेषांचे वाचन

नागपूर शहराच्या दक्षिण सीमेवरील हुडकेश्वर येथून वाकाटकांच्या राजधानीच्या शोधात निघणाऱ्या अभ्यासकापुढे दोन वाटा असतात. एक वाट संपूर्ण शहर ओलांडून उत्तरेस जबलपूरच्या हमरस्त्याने मनसरला जाते. दुसरी नैऋत्येस वर्ध्याच्या दिशेने पवनारला जाते. दोन्ही ठिकाणी वाकाटककालीन अवशेष आहेत, आणि द्वितीय प्रवरसेनाने वसविलेले प्रवरपूर ते हेच, असे दोन्ही ठिकाणांविषयी साधार प्रतिपादन झालेले आहे. एकच नगर दोन ठिकाणी असू शकत नाही. म्हणून अवशेष पाहण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार करणे प्राप्त होते : पडक्या भिंतीला राजाचे नाव कोणत्या आधारावर द्यावयाचे?

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. रोमन सम्राटांच्या ग्रामनिवासांचे अवशेष गेली चार-पाच शतके अभ्यासिले जात आहेत, आणि तेथे साधनांची विपुलता असल्यामुळे अनुमानाच्या पायऱ्या स्पष्टपणे दिसतात. तेथील अनुभव डोळ्यांसमोर ठेवून मनसरकडे पाहिले, तर आपल्याजवळ काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब नेमका मांडता येतो.

रोमच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर तिवोली, म्हणजे प्राचीन तिबूर, हे नगर आहे. त्याच्या पायथ्याशी सम्राट हेड्रियनने (राज्यकाल इ. स. ११७–१३८) आपला विस्तीर्ण निवास उभारला. प्रासाद, स्नानगृहे, ग्रंथालये, जलाशय आणि सेवकांची भुयारी वाट असा त्याचा पसारा शंभर हेक्टरांहून अधिक भूमीवर आहे. हा निवास हेड्रियनचाच, असे म्हणण्यास दोन स्वतंत्र आधार मिळतात. पहिला आधार ग्रंथाचा. ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या उत्तरकालीन चरित्रसंग्रहात असे सांगितले आहे की, सम्राटाने आपल्या तिबूरच्या निवासातील भागांना लायसियम, अकादमी, कॅनोपस, टेम्पी अशी प्रसिद्ध स्थळांची नावे दिली होती. दुसरा आधार विटांचा. रोमजवळच्या वीटभट्ट्यांतून निघणाऱ्या विटांवर ठसे उमटविलेले असत, आणि त्यांपैकी काहींवर त्या वर्षाच्या कॉन्सलांची नावे असत. इ. स. १२३ या वर्षाचे ठसे विशेष विपुल आढळतात. हर्बर्ट ब्लॉख याने १९३० नंतरच्या दशकात या ठशांचा सूक्ष्म अभ्यास करून निवासाच्या बांधकामाचे टप्पे ठरविले. ग्रंथकार राजाचे नाव सांगतो आणि वीट वर्ष सांगते; या दोन साक्षी परस्परांवर अवलंबून नाहीत, यातच त्यांचे बळ आहे.

तथापि विपुल साधने असूनही तिवोली येथे एक भ्रम दीर्घकाळ टिकून राहिला. सोळाव्या शतकात कार्डिनल इप्पोलितो देस्ते याच्या आश्रयाने पिर्रो लिगोरिओ याने तेथे खोदकाम केले. ग्रंथातील नावे त्याच्यापुढे होती आणि भग्न इमारती डोळ्यांपुढे होत्या. त्याने एकेका इमारतीला एकेक नाव बहाल केले. कोणते नाव कोणत्या भागाचे, हे ग्रंथात कोठेही सांगितलेले नाही. तरीही ती नावे नकाशांवर चढली आणि पुढील अनेक पिढ्यांनी ती हेड्रियनच्याच तोंडची असल्याप्रमाणे वापरली. ‘कॅनोपस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांबट जलाशयाच्या काठी १९५० नंतरच्या उत्खननात अनेक मूर्ती मिळाल्या. त्या जलाशयाच्या टोकाशी असलेली अर्धवर्तुळाकार वास्तू ही सम्राटाच्या भोजनसमारंभाची जागा असावी, असे आज पुष्कळ विद्वान मानतात. परंतु नाव जुनेच चालू आहे. निवास कोणाचा, याविषयी संशय नसतानाही निवासातील खोली कोणती, याविषयी मात्र केवळ परंपरा बोलत होती. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता विदर्भाकडे वळावे. येथे साधनांचे स्वरूप नेमके उलट आहे. वाकाटकांच्या विटांवर कालनिर्देशक ठसे नाहीत, आणि त्यांच्या प्रासादाचे वर्णन करणारा चरित्रग्रंथही उपलब्ध नाही. आहेत ते ताम्रपट. त्यांचा हेतू भूमिदानाची नोंद करणे हा असल्यामुळे त्यांत वंशावळ, दिलेले गाव, त्याच्या सीमा, दान घेणाऱ्याचे गोत्र आणि राजाज्ञा हे सर्व येते. वास्तूविषयी मात्र अवाक्षर नसते. परंतु ताम्रपटाच्या आरंभी, शासन कोठून दिले गेले, त्या स्थळाचा निर्देश बहुधा असतो. हाच निर्देश राजनिवासाच्या शोधाचा मुख्य धागा होय.

हा धागा उलगडला असता असे दिसते की, ही स्थळे एकाच प्रकारची नाहीत. चंद्रगुप्त द्वितीयाची कन्या व द्वितीय रुद्रसेनाची विधवा राणी प्रभावतीगुप्ता हिने युवराज दिवाकरसेनाच्या नावे राज्यकारभार चालविला. त्या काळातील, तेराव्या वर्षाचा पुणे ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे. तिचाच पुढील काळातील ऋद्धपूर ताम्रपट मात्र नगरातून नव्हे, तर रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी दिलेला आहे. हा रामगिरी म्हणजे आजचे रामटेक. द्वितीय प्रवरसेनाचा दुसऱ्या वर्षाचा जांब ताम्रपट आणि अकराव्या वर्षाचा बेलोरा ताम्रपट नंदिवर्धनाहून निघाले. अठराव्या वर्षाचा चम्मक ताम्रपट प्रवरपुराहून निघाला. पंचविसाव्या वर्षाचा वडगाव ताम्रपट हिरण्या नदीच्या काठच्या वासकातून, म्हणजे राजाच्या मुक्कामातून दिलेला आहे. नगर, देवस्थान आणि छावणी या तिन्ही ठिकाणांहून राजाज्ञा सुटत होती.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, प्रवरसेनाने आपल्या राज्याच्या अकराव्या आणि अठराव्या वर्षांच्या दरम्यान केव्हातरी राजधानी हलविली. दुसरा, राजसत्ता एका वास्तूत बांधलेली नव्हती. ती राजाबरोबर फिरत होती. या बाबतीत रोमचे साम्य बोलके आहे. सम्राट टायबेरियस इ. स. २७ मध्ये काप्री बेटावर गेला आणि इ. स. ३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रोम नगरात परतला नाही. दहा वर्षे साम्राज्याचा कारभार पत्रांच्या द्वारे चालला. प्रवरसेनाच्या काही दशके आधी, इ. स. ४०२ मध्ये, सम्राट होनोरियसने आपला दरबार मिलानहून रावेन्नाला नेला. परंतु साम्य दाखविताना मर्यादाही सांगितली पाहिजे. वाकाटकांपैकी ‘सम्राट’ ही पदवी एकट्या प्रथम प्रवरसेनाने धारण केली होती. त्याचे वंशज स्वतःस केवळ ‘महाराज’ म्हणवीत. मनसरला साम्राज्याचा प्रासाद म्हणून संबोधिले तर ताम्रपटांच्याच साक्षीला बाध येतो.

प्रवरपूर कोणते, या प्रश्नाचे पहिले भरभक्कम उत्तर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दिले. वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी असलेले पवनार हेच प्रवरपूर, असे त्यांचे मत होते. नामसादृश्य हा त्याचा एक आधार. आचार्य विनोबांच्या आश्रमाच्या परिसरात जमिनीतून निघालेली शिल्पे हा दुसरा. त्या शिल्पपटांत रामकथेतील प्रसंग त्यांनी ओळखले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले. वाकाटकांच्या लेखांचा मिराशी यांनी संपादिलेला संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि त्यानंतर दीर्घकाळ पवनारचे समीकरण सर्वसाधारणपणे मान्य होते.

मनसरने हे चित्र बदलले. नागपूरच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी एक तलाव, त्याच्या काठची टेकाडे आणि ‘हिडिंबा टेकडी’ या नावाने ओळखली जाणारी उंच टेकडी आहे. तेथील अवशेषांकडे टी. ए. वेलस्टेड याने १९३० नंतरच्या दशकातच लक्ष वेधले होते. १९७२ मध्ये तेथे मिळालेली, आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली शैव मूर्ती वाकाटक शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना मानली जाते. पुढे १९९८ पासून काही वर्षे जगत्पती जोशी व अ. कृ. शर्मा यांनी बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या वतीने विस्तृत उत्खनन केले. हिडिंबा टेकडीवर विटांचे भव्य देवालय उघडे झाले. टेकडीचा उतार सावरण्यासाठी उभारलेल्या चौकोनी कोठ्यांसारख्या बांधणीमुळे ते विशेष लक्ष वेधते. खाली तलावाच्या बाजूस भिंती, खोल्या व मार्गिका असलेला दुसरा समूह निघाला. त्यास उत्खननकारांनी राजप्रासाद मानले. याच उत्खननात ‘प्रवरेश्वराचा’ अशा अर्थाची अक्षरे असलेल्या मृण्मुद्रा मिळाल्या. त्यांचे वाचन अजय मित्र शास्त्री यांनी केले. डच विद्वान हान्स बाकर यांनी पुढे हे देवालय प्रवरसेनाचे प्रवरेश्वर आणि परिसर प्रवरपूर, हे मत विस्ताराने मांडले.

येथे पुराव्याच्या पायऱ्या वेगळ्या करून पाहणे अगत्याचे आहे. मृण्मुद्रा देवाचे नाव सांगतात. ती पहिली पायरी आणि ती पक्की आहे. राजाने आपल्या नावाने देव स्थापावा आणि त्यास ‘ईश्वर’ हे पद जोडावे, ही प्रथा सर्वश्रुत असल्यामुळे प्रवरेश्वर हा प्रवरसेनाचा, ही दुसरी पायरी. तीही बळकट आहे. ज्या ठिकाणी राजाचा देव, त्याच ठिकाणी त्याचे नगर, ही तिसरी पायरी मात्र अनुमानाची आहे. प्रभावतीगुप्तेने देवाच्या चरणांपाशी शासन दिले म्हणून रामगिरी राजधानी ठरत नाही. आणि तलावाकाठचा समूह राजाच्या वास्तव्याचा, ही चौथी पायरी तिवोलीतील ‘कॅनोपस’च्या नावासारखी आहे, वास्तूचा आराखडा तिला अनुकूल आहे, परंतु वास्तू स्वतः ते बोलत नाही. नामसादृश्याची स्थितीही अशीच. पवनार आणि प्रवरपूर यांत साम्य आहे. पण केवळ साम्याने नगर सिद्ध होत नाही. हुडकेश्वर या ग्रामनामाच्याही अंती ‘ईश्वर’ हे पद आहे. तेवढ्यावरून तेथे एखाद्या राजाने देव स्थापिला असे कोणी म्हणू लागल्यास त्याच्याकडे लेख किंवा स्तरातील पुरावा मागावा लागेल; पवनार आणि मनसर यांनाही तोच नियम लागू आहे.

हा पुरावा कसा असतो, याचे उदाहरण मनसरपासून दूर नाही. रामटेकच्या दक्षिणेस नगरधन हे गाव आहे. विद्वानांनी ते प्राचीन नंदिवर्धन म्हणून ओळखले आहे. तेथील आजचा किल्ला भोसलेकालीन मानला जातो, आणि सामान्य प्रेक्षकाचे लक्ष त्याच्याकडेच जाते. परंतु २०१५ नंतर डेक्कन कॉलेज व राज्य पुरातत्त्व विभाग यांनी केलेल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाची आकृती असलेली एक मातीची मुद्रा सापडली. ताम्रपटावर जिचे नाव आणि ज्या नगराचे नाव एकत्र येते, तिचेच नाव त्या स्थळाच्या मातीतून निघाले. तिवोलीच्या विटेवरील ठशाचे कार्य येथे बोटभर मातीच्या तुकड्याने केले. अर्थात मुद्रा हलती वस्तू आहे; पत्राबरोबर ती अन्यत्रही जाऊ शकते. म्हणून तिचे मोल ती कोणत्या स्तरात आणि कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात मिळाली, यावर अवलंबून असते. तीच मुद्रा शेतात उचलून कोणी आणून दिली असती, तर राणीचे नाव मिळाले असते, नंदिवर्धन मिळाले नसते.

या ठिकाणी अवशेषभेटीला केवळ पर्यटनापलीकडचा अर्थ येतो. तिवोलीचा संगमरवर शतकानुशतके चुन्याच्या भट्ट्यांत जळाला आणि नव्या प्रासादांच्या शोभेसाठी वाहून नेला गेला. तरी विटांवर ठसे असल्यामुळे उरलेल्या भिंतीही साक्ष देऊ शकल्या. वाकाटकांची वीट मुकी आहे. ती जागेवर असेपर्यंतच बोलते : तिची मापे, तिचे थर, तिच्याखालची आणि वरची माती हीच तिची लिपी. ती उपटून दुसऱ्या घराच्या पायात गेली की तिच्याबरोबर पुरावाही जातो. हुडकेश्वरासारखी गावे शहरात सामावली गेली, तशीच उद्या मनसर आणि नगरधनच्या आसपासची भूमीही भूखंडांत विभागली जाणे अशक्य नाही. तेथील टेकाडांचे मोजमाप, वस्तूंची जागेनिशी नोंद आणि उत्खनित भागांचे जतन ही कामे वेळेवर झाली नाहीत, तर प्रवरपुराचा वाद पुराव्याने सुटणार नाही. तो पुराव्याच्या अभावी केवळ थांबेल.

एवढ्या विवेचनावरून सध्याची स्थिती अशी मांडता येते. मनसर येथे प्रवरेश्वर होता, हे सिद्ध आहे. मनसर हेच प्रवरपूर, हे मत आज उपलब्ध असलेल्या मतांत अधिक संभवनीय आहे. तलावाकाठचा समूह हा राजाचा निवास, हे ग्राह्य परंतु असिद्ध अनुमान आहे. पवनारचे वाकाटककालीन महत्त्व यामुळे उणे होत नाही. तेथील शिल्पे कोणत्या देवालयाची आणि कोणाच्या दानाची, हा प्रश्न राजधानीच्या वादापासून अलग करून नव्याने अभ्यासिला पाहिजे. हुडकेश्वराहून निघणाऱ्या दोन्ही वाटा म्हणूनच चालावयाच्या आहेत; फरक इतकाच की, प्रत्येक वाटेच्या अखेरीस जे दिसते, जे लिहिलेले आहे आणि जे अनुमानिलेले आहे, ते टिपणवहीत तीन स्वतंत्र रकान्यांत लिहिले जावे.