अनोळखी रोपे

घरातील लहान मूल बाहेर खेळावयास जाते आणि परतताना मूठ झाकून येते. मुठीत चार बिया असतात. त्या कोठून आणल्या हे त्यास सांगता येत नाही. “आजी, हे तुला,” एवढेच ते म्हणते. आजी त्या कुंडीत लावते, काही दिवसांनी रोपे वर येतात, आणि घरात वाद सुरू होतो. कोणी वांगे म्हणतो, कोणी मिरची. कोणी तण समजून उपटावयास धावतो. हा वाद आजचा वाटला तरी अहमदनगरच्या, म्हणजेच सांप्रतच्या अहिल्यानगरच्या, भूमीत तो फार जुना आहे.

सोळाव्या शतकात नगरच्या गादीवर बुऱ्हाण निजामशहा असताना त्याच्याकडे गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचे येणेजाणे होते. हा गृहस्थ १५३४ साली हिंदुस्थानात आला व गोव्यास स्थायिक झाला. एखादी वनस्पती समोर आली की, ग्रीक व अरबी ग्रंथांत वर्णिलेली ती हीच काय, हा त्याचा प्रश्न असे. आणि ग्रंथ व डोळे यांत विरोध पडला तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा, हा त्याचा बाणा. निजामशहाच्या पदरच्या हकिमांशी त्याने चर्चा केली. एकाच वस्तूची निरनिराळ्या भाषांतील नावे विचारून टिपून ठेवली. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात ती आढळतात.

पोर्तुगीजांच्या आगमनानंतर मिरची, पेरू, पपई, टोमॅटो ही अमेरिकेतील बीजेही या देशात रुजली. आज ज्यांच्यावाचून स्वयंपाकघर चालत नाही, ती सारी एके काळी अशीच अनोळखी रोपे होती. कोणी तरी ती तण म्हणून उपटून टाकली नाहीत, म्हणूनच ती आपली झाली.

रोप ओळखावयाचे तर पहिल्या दोन पानांवर विसंबून चालत नाही. ती बीजदले होत. वांगे, मिरची व टोमॅटो यांची बीजदले एकमेकांसारखीच लांबट दिसतात. खरी ओळख पटते ती त्यानंतरच्या पानावरून. टोमॅटोचे पान कातरलेले असते व चुरडल्यास उग्र वास देते; मिरचीचे गुळगुळीत, अखंड कडेचे; वांग्याचे लवदार. भोपळ्याची बीजदले मोठी व जाड असतात. वाल आपली बीजदले मातीबाहेर उचलून आणतो, तर तूर व हरभरा ती मातीतच ठेवतात. ही विद्या पुस्तकांत अलीकडे आली. शेतकरीण बायांच्या बोटांत ती पिढ्यान्‌पिढ्या होती.

या विद्येचे मोल याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याने दाखवून दिले. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेचे शिक्षण लाभले नाही. घरातील नातू आजारी पडला तेव्हा, रसायनांवर पोसलेल्या भाजीपाल्यामुळेच हे दुखणे आले, असे त्यांच्या मनाने घेतले; आणि त्यांनी गावोगावची जुनी, गावरान बियाणी जमविण्यास आरंभ केला. वालाचे व घेवड्याचे अनेक वाण, भात, भाज्या यांची त्यांनी मातीच्या घरात पेढी उभारली. पुढे बायफ या संस्थेचे साहाय्य मिळाले. लोक त्यांना ‘बीजमाता’ म्हणू लागले, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पद्मश्रीहून मोठी गोष्ट मात्र निराळीच आहे. बी म्हणजे नाणे नव्हे, की पेटीत ठेवले आणि शंभर वर्षांनी काढले. ते वेळोवेळी पेरावे लागते, त्याचे रोप ओळखावे लागते, नाव पुढच्या पिढीस सांगावे लागते. यांतील एक दुवा तुटला की वाण गेला. आणि गेलेला वाण कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

म्हणून नातवाने दिलेल्या चार बियांचे रोप ओळखता आले नाही, तर ते लगेच उपटू नये. तिसरे-चौथे पान फुटेपर्यंत वाट पाहावी, शेजारच्या वृद्ध बाईस दाखवावे, नाव कळताच ते तारखेसह कागदावर लिहावे. आणि पुढे त्याला बी धरले, तर चार दाणे ज्याने दिले त्याच्याच मुठीत परत ठेवावेत. या वेळी नावासकट.