ठराव होता, पाणी नव्हते : महाड आणि ‘स्थानिक स्वराज्य’

गावाचे पाणी, गायरान, जंगल, खाडी गावानेच सांभाळावे, हे वाक्य आज पुरोगामी आणि प्रतिगामी दोघांच्याही तोंडी असते. ऐकायला गोड आहे. पण ‘गाव’ म्हणजे नेमके कोण? हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस विषय बदलतो. रायगडच्या पोरांनी तरी तो बदलू देऊ नये, कारण याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, मिळालेले आहे.

4 ऑगस्ट 1923 रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा सरकारने नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातील विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. म्हणजे अंमलबजावणी कोणावर? लोकल बोर्डांवर आणि नगरपालिकांवर. त्यांनी काय केले? बहुतेकांनी कागद दप्तरात ठेवला. 1926 मध्ये बोल्यांना पुन्हा उभे राहून सांगावे लागले की, जी संस्था अंमल करणार नाही तिचे अनुदान बंद करा.

महाड नगरपालिका त्यातल्या त्यात बरी. तिने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीसांसारखी माणसे तिथे होती, त्यांचे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण तळ्यावर मुसलमान पाणी भरत होते, गुरे पाणी पीत होती आणि महार-चांभारांचा हात तीन वर्षे पाण्याला लागला नाही. 19 मार्च 1927 ला परिषद भरली तेव्हा प्रतिनिधींना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. खुल्या केलेल्या तळ्याच्या गावात! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले, मग मारहाण झाली, मग 108 घागरींतले पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

पुढचा भाग आपल्या भाषणांत फारसा येत नाही. 4 ऑगस्ट 1927 रोजी याच नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. निवडून आलेल्या संस्थेने, रीतसर बैठकीत, बहुमताने नैसर्गिक संपत्तीवरचा हक्क काढून घेतला. स्थानिक लोकशाही म्हणतात ती हीच.

डिसेंबरच्या सत्याग्रहाला बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. परिषदेला जागाही मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. तोवर सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला होता. खटला दहा वर्षे चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने सांगितले की, फिर्यादींना आपली अनादी वहिवाट सिद्ध करता आलेली नाही.

आता 1932 पाहा. मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीचे बिल आले तेव्हा दलितांना राखीव जागा नसतील तर अशा पंचायती नकोत, ही भूमिका बाबासाहेबांनी घेतली. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत त्यांनी खेड्यावर टीका केली आणि मसुद्यात गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक धरला याचे समाधान व्यक्त केले. गांधीवाद्यांना ते झोंबले. काही दिवसांतच पंचायतींचे कलम, आजचे कलम 40, मार्गदर्शक तत्त्वांत आले. त्यांना खेडे कळत नव्हते असे म्हणणाऱ्यांनी महाडची तारीखवार माहिती वाचावी. विकेंद्रीकरणाला त्यांचा विरोध नव्हता. विरोध होता तो, ज्याच्या हाती जमीन त्याच्याच हाती पाण्याचाही कारभार देण्याला.

73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून राखीव जागा आल्या. अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत पिण्याचे पाणी, पाणलोट, मासेमारी, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज हे सगळे आहे. म्हणजे बाबासाहेबांची अट कागदावर तरी मान्य झाली. पण 1924 चा ठरावही कागदावरच होता.

म्हणून येत्या ग्रामसभेला बुद्धवाड्यातून पाच-सहा जणांनी तरी जा. महिला सभा आधी होते, तिथे आपल्या बायका आहेत का ते पाहा. सार्वजनिक विहिरी आणि तळी पंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदीत कोणत्या नावाने आहेत ते मागा. नळयोजनेची पाइपलाइन कुठून सुरू होते, कुठे संपते आणि एप्रिल-मेमध्ये शेवटच्या घराला किती वेळ पाणी येते, हे सभेत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. सही करण्यापूर्वी ते वाचा.