कुंकळ्ळीकरीण : एका नावाचा इतिहास

गोमंतकातील देवळाच्या सभामंडपात एखादा अनोळखी गृहस्थ येऊन टेकला, की वडीलधारी मंडळी त्याचे शिक्षण वा हुद्दा प्रथम विचारीत नाहीत. 'मूळ गाव कोणते?' आणि 'कुलदेव कोणते?' हे दोन प्रश्न आधी येतात. उत्तर देणारा मुंबईत जन्मलेला असेल, त्याच्या आजोबांनीही तो मूळ गाव पाहिला नसेल. तरीही तो त्याच गावाचे नाव सांगतो. मनुष्य 'मी कोण' हे ठरवितो तेव्हा तो राहत्या घराकडे पाहतो की हरवलेल्या घराकडे, या प्रश्नाचा विचार गोमंतकाच्या इतिहासाइतका अन्यत्र क्वचितच करावा लागला असेल.

या प्रश्नाचे मूळ सोळाव्या शतकात आहे. साष्टी व बारदेश हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली आले. पुढील पंचवीस वर्षांत साष्टीतील शेकडो देवळे पाडण्यात आली आणि गावोगावच्या भाविकांनी आपले देव नदीपलीकडे, पोर्तुगीज सत्तेबाहेरील मुलखात नेले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि मडगावचा दामोदर जांबावलीस. देव गेले त्या गावी त्यांची नवी देवालये उभी राहिली व कालांतराने वैभवास चढली. परंतु जुन्या गावाशी असलेला धागा तुटला नाही. जांबावलीच्या गुलालास आजही मडगावकर लोटतात, ते याच धाग्याने.

या सर्व स्थलांतरांत कुंकळ्ळीच्या शांतादुर्गेची कथा विशेष मननीय आहे. ही देवी साष्टीतील कुंकळ्ळीहून केपे महालातील फातर्पे येथे गेली. फातर्प्याची स्वतःची शांतादुर्गा होतीच. ती 'फातर्पेकरीण' म्हणून ओळखली जाते. नव्याने आलेली देवी 'कुंकळ्ळीकरीण' झाली. आज एकाच गावात या दोन शांतादुर्गा नांदतात. चार शतके फातर्प्यात वास्तव्य करूनही कुंकळ्ळीकरणीचे नाव पालटले नाही. एखादी लेक सासरी आयुष्य काढते व तरीही माहेरच्या गावावरून ओळखली जाते, तसाच काहीसा हा प्रकार होय.

या नावामागील इतिहास रक्तरंजित आहे. कुंकळ्ळी व तिच्या आसपासच्या गावांतील गावकऱ्यांनी आपली देवळे पाडली गेल्यावरही नव्या सत्तेपुढे मान तुकविली नव्हती. कर देण्याचेही त्यांनी नाकारले होते. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा निश्चित करून तेथे क्रूस उभारण्याच्या हेतूने जेझुइट पंथाची मंडळी कुंकळ्ळीत आली. त्यांच्यात रुडॉल्फ आक्वाव्हिवा हे पाद्री होते; अकबराच्या दरबारी काही वर्षे राहून ते नुकतेच परतले होते. गावकऱ्यांनी त्यांच्यावर हल्ला केला व त्यात पाच जेझुइट आणि त्यांच्यासमवेत आलेले काही ख्रिस्ती लोक मारले गेले. पुढे सत्ताधाऱ्यांनी गावच्या सोळा प्रमुखांस बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले आणि तेथे त्यांचा वध केला. त्यांपैकी एक जण नदीत उडी घेऊन निसटला व कारवारकडे गेला, असे सांगितले जाते. या गावप्रमुखांचे स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे.

शिक्षा एवढ्यावर थांबली नाही. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणे, वेळ्ळी व आंबेली या पाच गावांच्या जमिनी जप्त होऊन परक्यांच्या हाती गेल्या. या घटनेचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. गोमंतकात गावकरी म्हणजे गावच्या सामाईक जमिनीचा वंशपरंपरागत भागीदार. गावकऱ्यांची घराणी 'वांगडां'त विभागलेली असत आणि वांगडाचे नाव सांगणे म्हणजे गावातील आपला मान व वाटा सांगणे असे. कुंकळ्ळीत जमीन गेली, देऊळ गेले, देवी परमुलखात गेली. ज्या दोन गोष्टींवर गावकऱ्याचे गावकरीपण उभे होते, त्या दोन्ही नाहीशा झाल्या. अशा स्थितीत दोन-तीन पिढ्यांत वांगडांची नावेही विस्मरणात जावीत, हे स्वाभाविक ठरले असते.

तसे घडले नाही. कुंकळ्ळीची बारा वांगडे आजही मोजली जातात आणि ती मोजण्याचे स्थान म्हणजे देवीचा उत्सव. शिगम्याच्या दिवसांत फातर्प्याहून कुंकळ्ळीस देवीची मिरवणूक निघते. स्थानिक बोलीत तिला 'सोंत्र्यो' म्हणजे छत्र्या असे म्हणतात. बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्या, ढोल-ताशांचा गजर आणि गुलालाची उधळण अशा थाटात देवी आपल्या मूळ गावी येते व पुन्हा फातर्प्यास परतते. वाट्याच्या कागदाने जे सिद्ध करता आले नसते, ते वर्षातून एकदा हाती धरलेली छत्री सिद्ध करते. छत्री धरावयाची तर वांगड ठाऊक हवे. वांगड सांगावयाचे तर पूर्वज ठाऊक हवेत. अशा रीतीने स्मरणाचे काम उत्सवाने केले.

या बारा वांगडांत केवळ हिंदू घराणी नाहीत. १५८३ नंतरच्या काळात कुंकळ्ळीतील बहुसंख्य घराणी ख्रिस्ती झाली. मात्र त्यांची वांगडे तीच राहिली. या मिरवणुकीत ख्रिस्ती गावकरीही सहभागी होतात आणि फातर्प्याच्या जत्रेस ख्रिस्ती भाविक येतात, हे सर्वश्रुत आहे. धर्म पालटला, आडनाव पालटले, प्रार्थनेची भाषा पालटली. तरी 'आम्ही अमुक वांगडाचे' हे उत्तर पालटले नाही. एका मनुष्याच्या ठायी एकाहून अधिक ओळखी एकत्र नांदू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

तथापि ज्यांच्या हाती छत्री कधीच आली नाही, त्यांचे काय, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयास हवा. देवळांत गायन-नर्तनाची सेवा करणाऱ्या कलावंत कुटुंबांस महाजनकीत स्थान नव्हते. त्यांच्या वंशजांनी विसाव्या शतकात 'गोमंतक मराठा समाज' या नावाखाली संघटित होऊन आपली ओळख आपणच घडविली. या चळवळीचे एक धुरीण राजाराम पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्रास 'मी कोण?' असेच नाव दिले. देवळाच्या छायेत वाढूनही ज्यास हा प्रश्न पडला, त्याची व्यथा महाजन घराण्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न लेकींचा. पोर्तुगीज राजवटीत १८८६ मध्ये व पुढे १९३३ मध्ये देवस्थानांच्या कारभाराचे नियम झाले आणि महाजनांच्या नावांच्या वह्या सिद्ध झाल्या. पूर्वी जे स्मरणात होते, ते कागदावर आले. त्यामुळे हक्क सुरक्षित झाले हे खरे; परंतु महाजनकी बहुतांशी पुरुषवंशाने चालत असल्याने लेकीचे नाव त्या वहीत आले नाही. जी देवी स्वतः परगावी जाऊन मूळ गावाचे नाव टिकवून राहिली, तिच्याच भक्तांच्या लेकी विवाहानंतर त्या नावास मुकतात, ही विसंगती विचारी मनास जाणवल्यावाचून राहत नाही.

आज महाजन कुटुंबे मुंबई, बेळगाव, कारवार आणि सातासमुद्रापलीकडेही विखुरली आहेत. त्यांच्या नातवंडांस मूळ गाव म्हणजे आडनावाच्या शेवटी येणारे 'कर' एवढेच उरण्याचा संभव आहे. कुंकळ्ळीकरणीचा इतिहास सांगतो की जमीन, देऊळ आणि सत्ता या तिन्ही गेल्या तरी ओळख टिकते. मात्र ती आपोआप टिकत नाही. तिच्यासाठी प्रत्येक पिढीतील कोणीतरी पुढच्या पिढीच्या हाती छत्री द्यावी लागते आणि ती कोणाची व का धरावयाची, हे सांगावे लागते. पुढील शिगम्यास मिरवणुकीच्या वाटेवर नातवाबरोबर नातीसही उभे करून वडीलधाऱ्यांनी १५८३ ची ही हकीकत, दोन्ही बाजूंच्या मृतांसह, सांगितली, तर सभामंडपातील त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देणे दोघांनाही जड जाणार नाही.