गहू सोडायचा, हे कळायला लागलेली वर्षे



मागच्या अष्टमीला मंदिरातून बाहेर पडताना ओळखीच्या एका काकूंनी विचारले, "तुझी लेक पोळी खात नाही म्हणे? आमच्या वेळी नव्हती बाई असली फॅडं." मी हसून वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर वाटले की याचे उत्तर नीट द्यायला हवे. हे फॅड नाही. या आजाराची नोंद अठराशे वर्षांहून जुनी आहे. कारण मात्र सापडले ते अगदी काल-परवा, म्हणजे आपल्या आज्यांच्या काळात.

आधी आमच्या घरचे थोडक्यात सांगते. लेक सात वर्षांची होती. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे आणि हिमोग्लोबिन ७. लोहाची औषधे झाली, जंतांची झाली. "खाल्लेलं अंगी लागत नाही पोरीच्या," असे म्हणत सासूबाई मायेने खपली गव्हाची खीर करून घालायच्या. दोन वर्षांनी एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान झाले: सिलिअ‍ॅक. ज्या खिरीने ती सुधारेल असे आम्हाला वाटत होते, तीच तिला आजारी पाडत होती. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्यांना समजवण्यासाठीच मी या आजाराचा इतिहास वाचू लागले.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कप्पाडोकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, अरेटियस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. अन्न न पचता बाहेर पडते आणि माणूस झिजत जातो, अशा रोग्यांचे वर्णन त्याने केले. ग्रीक भाषेत पोटाला 'कोइलिया' म्हणतात, त्यावरून आजाराला नाव पडले. कारण मात्र त्याला कळले नाही.

त्यानंतर एकदम १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल जी या डॉक्टरांचा लेख येतो. हा रोग बरा होणार असेल तर तो आहारानेच, हे त्यांनी बरोबर ओळखले. पण त्यांचे पथ्य वाचाल तर कपाळावर हात माराल. भात आणि साबुदाणा त्यांनी वर्ज्य ठरवला, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल म्हटले! जे तारणारे होते ते काढले आणि जे मारणारे होते ते ठेवले. त्यांची बुद्धी कमी होती असे नाही. पाव हे तिकडचे रोजचे अन्न. रोजच्या अन्नावर कोण संशय घेणार? आपण तरी पोळीवर घेतला होता का?

१९२४ साली अमेरिकेत सिडनी हास यांनी केळ्यांचे पथ्य काढले. मुलांना भरपूर केळी द्यायची, पाव, बिस्किटे, बटाटे बंद. मुले खरोखर सुधारली. सगळ्यांना वाटले, केळ्यात काही औषधी गुण आहे. गुण केळ्यात नव्हताच, ताटातून पाव गेला होता, त्याचा तो गुण. पण हे न कळल्यामुळे 'बरी झाली' म्हणून पुन्हा पाव खाऊ लागलेली मुले पुन्हा आजारी पडत.

खरा शोध लावला तो हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयात ते काम करत. १९३० च्या दशकात एका तरुण आईने सांगितले होते की पाव बंद केला की तिच्या मुलाच्या अंगावरचे पुरळ लगेच कमी होते. दुसरा कोणी असता तर 'आयांना काय कळतं' म्हणून सोडून दिले असते. डिके यांनी ते लक्षात ठेवले आणि गहू वगळून मुलांना आहार देऊन पाहू लागले. १९४१ साली त्यांनी त्यावर लिहिलेही.

मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मन ताब्यातल्या पश्चिम हॉलंडमध्ये अन्न संपले. लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, सुमारे २० हजार माणसे भुकेने गेली. अशा दिवसांत पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिअ‍ॅकची मुले मात्र बिघडण्याऐवजी सुधारली. युद्ध संपताना विमानांतून पाव आला आणि त्यातली काही मुले पुन्हा आजारी पडली, असे सांगतात. डिके यांचा संशय आता पक्का झाला. १९५० साली त्यांनी उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला: गहू आणि राय बाधतात, तांदूळ आणि मका बाधत नाहीत.

पुढचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात शोभेल असा आहे. १९५२ साली इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये डॉक्टरांनी गव्हाच्या पिठातले सत्त्व आणि चिवट भाग वेगळे केले आणि मुलांना एकेक देऊन पाहिला. सत्त्वाने त्रास झाला नाही, चिवट भागाने झाला. तो चिवट भाग म्हणजे ग्लुटेन. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तेव्हा मागे जो रबरासारखा चोथा उरतो, त्यात हेच असते. (म्हणून कुरडया चालतील असे समजू नका. घरच्या चिकात ग्लुटेन राहतेच.)

१९५० च्या दशकातच आतड्याचा तुकडा तपासण्याची सोय झाली आणि आत काय घडते ते दिसले. लहान आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी लव असते, तीच अन्नरस शोषते. या रुग्णांत ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच ती लव सपाट करून टाकते. सासूबाईंचे "अंगी लागत नाही" हे शब्दशः खरे होते! ग्लुटेन पूर्ण थांबवले की लव पुन्हा उगवते. दुसरे औषध आजही नाही.

आपल्या देशात गहू जास्त खाणाऱ्या उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला हा आजार असल्याचे पाहणीत दिसले आहे. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी रोजची आणि पोळी सणाची होती. आता पोळी रोजची झाली आणि भाकरी हौसेची.

आमच्या घरी पथ्य सुरू केले तेव्हा चौक्याची सवय कामी आली. पिठाची मर्यादा पाळायची म्हणून घरघंटी होतीच: पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस. आता तीत गहू दळतच नाही, कारण गिरणीत किंवा घंटीत उरलेले चिमूटभर गव्हाचे पीठही बाधते. तिचा तवा, पोळपाट, डबे वेगळे. धान्य निवडणे तर आपल्या हातातच आहे.

अडचणी वेगळ्याच आल्या. दुकानातल्या ग्लुटेन-फ्री पावात अंडी, बिस्किटांत बटाट्याचे पीठ. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले. सत्तूत जव असू शकतो, तोही वर्ज्य. रवा, मैदा, दलिया, शेवया म्हणजे गहूच. आणि खपली गहूसुद्धा गहूच, त्यात ग्लुटेन असतेच. त्यापेक्षा ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, राजगिरा, सगळ्या डाळी आपल्या हक्काच्या.

एक विनंती. घरात कोणाची शंका आली तर आधी तपासणी करा, मग गहू सोडा. आधीच सोडला तर तपासणीत आजार सापडत नाही. एकाला निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या.

आपण त्याग लहानपणापासून शिकतो. पण जी साहेबांनी भात सोडायला लावला आणि पाव ठेवला, तोही त्यागच होता. काय सोडायचे आणि का, हे कळल्याशिवाय केलेला त्याग फळत नाही, म्हणून तर आपल्याकडे सम्यक ज्ञान आधी आणि चारित्र्य नंतर.

वर्षभरात लेकीचे हिमोग्लोबिन ११ वर आले. आता ती वर्गात शेवटच्या बाकावर बसते, उंच झाली म्हणून. आणि सासूबाई खीर अजून करतात, तांदळाची.

जय जिनेंद्र.