दिसावरची वाटखर्ची



दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे. रोह्याचे बिऱ्हाड बंगळुरूला हलवायचे का, आणि हलवायचे तर किती खर्चात? मुलगा तिकडे स्थिरावला. ह्यांचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. दुकान दोन वर्षांपूर्वीच पुतण्याकडे सोपवले. मी १९८० सालची बी.कॉम., म्हणून "हिशेब तूच मांड" असे सगळ्यांनी ठरवून टाकले. लग्न झाल्यापासून दुकानाच्या हिशेबाला कधी हात लावू दिला नाही, आणि घर मोडायच्या वेळी मात्र माझी पदवी आठवली. असो.

काय न्यायचे आणि काय नाही हे बघायला माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली. तिच्या तळाशी लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही निघाली. ती आजेसासऱ्यांची. अक्षर महाजनी, म्हणजे काना-मात्रा नसलेले. आपल्याकडे थोरामोठ्यांकडून ऐकलेली गंमत तुम्हालाही माहीत असेल. "काकाजी अजमेर गया" असे कळवले होते, आणि घरच्यांनी "काकाजी आज मर गया" वाचून रडारड केली. ह्यांना ती लिपी लहानपणी थोडी शिकवली होती. रोज दुपारी चहा झाला की ते एक पान वाचून दाखवत आणि मी उतरून घेत असे.

वही सुरू होते ती छपनियाच्या दुसऱ्या वर्षी. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा तो दुष्काळ. मारवाडात आजही कोणी फार हपापून जेवले तर "छपनियातून आलास का" म्हणतात. गुरे गेली, माणसे गेली, धान्य मिळेना. त्याच्या आधीही आपली माणसे बाहेर पडत होतीच. गोडवाडातून, पाली-सिरोहीच्या बाजूने, मुंबईकडे आणि कोकणात. बाहेरगावच्या व्यापाराला आपल्यात दिसावर म्हणतात. दिल्ली-अजमेरहून अहमदाबादला जोडणारी रेल्वे १८८१ च्या सुमारास पूर्ण झाली आणि उंटावरचा, बैलगाडीचा महिन्यांचा रस्ता दिवसांवर आला. पण ती गाडी छोट्या रुळांची. अहमदाबादला उतरून, सगळे सामान खाली घेऊन मोठ्या रुळांच्या गाडीत चढवायचे. वहीत त्याची नोंद आहे, "अमदाबाद हमाली". आमच्या कागदावर 'चढवणे-उतरवणे वेगळे' अशी ओळ पॅकर्सवाल्याने टाकली आहे, तिची ही पणजी.

मुंबईहून पुढे बोट. धरमतरला उतरायचे, तिथून बैलगाडीने पेण. पेणचे अंतोरा बंदरही तेव्हा चालते होते. मीठ, भात आणि पोहे बाहेर जात, कापड आणि किराणा आत येई. रोह्याला कुंडलिकेतून भरतीच्या पाण्यावर मचवे येत. आजेसासरे आधी पेणला एका नातलगाच्या दुकानात राहिले आणि काही वर्षांनी रोह्याला स्वतःचे मांडले. तेव्हा हे परराज्यच होते बरे. राज्य या शब्दाचा अर्थ तेवढा वेगळा होता. गाव जोधपूरच्या महाराजांच्या मुलखात, पेण-रोहा इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात, आणि रोह्याच्या पलीकडे मुरूडच्या बाजूला गेले की जंजिऱ्याच्या नवाबाची हद्द. मारवाडात जोधपूरचा विजयशाही रुपया चालायचा, इकडे इंग्रजी कलदार. त्या दुष्काळातच, १९०० साली, जोधपूरनेही कलदार स्वीकारला. वहीतल्या पहिल्या पानांवर प्रत्येक रकमेपुढे "कलदार" असे मुद्दाम लिहिले आहे. पुढे तो शब्द गळून पडतो.

मला खरे नवल वाटले ते त्यांच्या खात्यांचे. पहिले खाते वाटखर्चीचे. त्यात भाडे, हमाली, धर्मशाळा आणि वाटेत खायला नेलेल्या सुखडीचे तूप-गूळ. दुसऱ्याचे नाव "ठाव". म्हणजे पाय टेकेपर्यंत, कमाई सुरू होईपर्यंत लागणारा खर्च. त्यात वाटखर्चीच्या चौपट रक्कम धरली आहे. तिसरे खाते "पाछो", परत जाण्याचे भाडे. ते वेगळे बांधून ठेवलेले, आणि त्याला हात लावल्याची नोंद कुठेच नाही. दर दिवाळीला नव्या पानावर तेवढीच रक्कम पुढे ओढली आहे.

आपण बायका घर हलवण्याचा खर्च काढतो तो ट्रकपासून. मीही तसाच काढला होता. ट्रक, खोकी, विमा, तिकिटे. वही वाचल्यावर कागद फाडला आणि नवा घेतला. कारण पैसा जातो तो पोचल्यावर. घराची अनामत, नवे पडदे (जुने कधीच बसत नाहीत), गॅसचे सिलिंडर-रेग्युलेटर इथे जमा करून तिकडे पुन्हा जोडणी, आणि गाडी. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, तिकडे नवी नोंदणी आणि रोड टॅक्स पुन्हा. आमच्या जुन्या गाडीसाठी हे गणित बसेना. ती पुतण्याला देऊन टाकली.

पण वहीत मी शोधत होते ते दुसरेच. आजेसासूबाई कुठे आहेत? तीस-पस्तीस वर्षांच्या हिशेबात त्यांचे नाव नाही. "गाव खाते" एवढेच. वर्षातून दोन-तीनदा मनीऑर्डर, आणि दोन वर्षांनी एकदा शेठजींची स्वतःची वाटखर्ची. माणूस दुकान थाटतो, जागा घेतो, मुलाला हाताखाली आणतो, आणि बायकोची वाटखर्ची एकदाही नाही. ह्यांना विचारले तर म्हणाले, "तेव्हा बायका गावीच राहत." ते काही खोटे नाही. पुरुष आधी यायचे आणि बायका वर्षानुवर्षे मागे राहायच्या. पण मला सासूबाईंनी सांगितलेली गोष्ट आठवली. ती मी इतकी वर्षे नुसती ऐकली होती.

आजेसासूबाईंनी तरुणपणीच गुरुमहाराजांकडे जावजीव दिग्व्रत घेतले होते. आपल्या बारा व्रतांपैकी सहावे, दिशांच्या मर्यादेचे. त्यांनी दक्षिणेला शत्रुंजयापर्यंत मर्यादा ठेवली होती. मुंबई त्याच्या पलीकडे, रोहा तर आणखी पुढे. आजेसासरे न्यायला आले आणि व्यापाऱ्याच्या डोक्याने म्हणाले, "तू उत्तरेला कधी जाणार आहेस? तिकडचे कोस कमी कर आणि दक्षिणेत घाल." त्यांनी नाही म्हटले. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतला एक नेमका हाच आहे, क्षेत्रवृद्धी. एका दिशेचे कमी करून दुसऱ्या दिशेत वाढवायचे नाही. कॉलेजात आम्हाला एका खात्याची तरतूद दुसऱ्या खात्यावर परस्पर टाकू नये असे शिकवले होते. ज्या बाईला सही येत नव्हती तिला ते येत होते.

मग त्या कधीच आल्या नाहीत. शेवटपर्यंत गावीच राहिल्या. व्रत मोडले नाही याचा आपल्याला अभिमान वाटावा, आणि मला वाटतोही. पण सासूबाई ही गोष्ट सांगून गप्प बसत आणि नंतर म्हणत, "व्रत घेताना फक्त आजचे घर बघू नये, उद्याचेही बघावे." मी बारा व्रते घेतली तेव्हा त्यांनी माझा कागद स्वतः वाचून घेतला होता.

आमच्या घरातली दिसावरला आलेली पहिली बाई म्हणजे सासूबाई. त्या १९५५ च्या उन्हाळ्यात आल्या. पावसाळ्यात बोटीने कोणी यायचे-जायचे नाही असा घरात नियम होता. चातुर्मासात प्रवास टाळायचा हे तर आपले आहेच, पण त्याला एक दुःखाचे कारणही जोडले गेले होते. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. या जिल्ह्यात असे गाव नसेल जिथे त्या दिवसाची आठवण निघत नाही.

सासूबाईंनी आणलेल्या सामानाची यादी वहीत आहे. शेवटी एकदाची एका बाईच्या नावाने नोंद! केर, सांगरी, बडी, खिचिये, पापडाचे दोन डबे, वर्षभराची बेगमी. मारवाडात हे सगळे दोन-दोन वर्षे टिकते. रोह्यात आषाढ लागला आणि पंधरा दिवसांत डबे उघडून बघतात तो सगळ्यावर पांढरी बुरशी. आपल्याला लीलण-फूलण म्हणजे नुसते अन्न फुकट जाणे नव्हे, त्यात अनंत जीव. खाता येत नाही, फेकताही येत नाही. जयणेने परठवायचे. नवी सून, भर पावसात, डबेच्या डबे घेऊन कोरडी जागा शोधत फिरतेय, आणि कुलाबा जिल्ह्यात त्या महिन्यात कोरडी जागा असते कुठे! हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत साठ वर्षांनीही पाणी यायचे. वहीत त्याच महिन्यात एक शब्द आहे, "घट".

शेजारच्या आगरी बाईंनी मग त्यांना चुलीच्या वर फळी टांगून डबे धुराच्या उबेत ठेवायला शिकवले. त्या बाईंच्या घरचा स्वयंपाक आपल्याला चालणारा नव्हता, पण फळी त्यांचीच होती आणि ती आमच्या घरात गॅस येईपर्यंत राहिली. सासूबाईंनी पुढे पद्धतच बदलली. पापड फक्त ज्येष्ठापर्यंत पुरतील एवढेच करायचे, चातुर्मासात रोज ताजे आणि थोडे. त्या घरचे बजेट तिथे बसले, शेठजींच्या वहीत नव्हे.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण वगळली तर हिशेब खोटा होईल. वहीच्या मधल्या पानांवर उधारी आहे, व्याज आहे, जमिनींचे गहाण आहे. याच जिल्ह्यात अलिबागजवळच्या चरीला १९३३ पासून सहा वर्षे कुळांनी शेती पिकवली नाही, खोत-सावकारांच्या जाचाविरुद्ध. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पुढे सावकारीचा कायदा १९४६ चा, कूळकायदा १९४८ चा. आमच्या वहीत गहाणखाते तेव्हाच संपते आणि नुसते कापड उरते. ज्यांची नावे त्या पानांवर आहेत त्यांची नातवंडे आमच्याच दुकानातून लग्नाचा बस्ता बांधून गेली. त्यांच्या घरी ही पाने कोणत्या शब्दांत आठवतात ते मी कधी विचारलेले नाही.

मी स्वतः पेणची. लग्न होऊन १९८२ साली रोह्याला आले ते एसटीने. रेल्वे रोह्यापर्यंत १९८६ ला आली, आणि कोकण रेल्वे पुढे १९९८ ला पूर्ण. माझे स्थलांतर चाळीस-एक किलोमीटरचे, एक ट्रंक आणि एक गादी. त्याचा कोणी हिशेब ठेवला नाही.

आता बंगळुरू. माझ्या दिग्व्रतात सगळा भारत आहे, सासूबाईंची कृपा. अडचण निघाली ती पाचव्या व्रतात. परिग्रहाच्या परिमाणात मी 'राहते घर एक' लिहिले आहे. मुलगा म्हणतो रोह्याचे घर राहू दे, भाव वाढतोय, तिकडे तुमच्यासाठी वेगळा फ्लॅट घेऊ. माझ्या कॉमर्सच्या डोक्याने लगेच वाट काढली की रोह्याचे घर ह्यांच्या नावावर, फ्लॅट माझ्या नावावर, म्हणजे माझे एकच. आणि त्याच क्षणी उत्तरेचे कोस दक्षिणेत घालणारे आजेसासरे आठवले. उपासकदशांगातल्या आनंद श्रावकाने चार कोटी सोने ठेवीत, चार कोटी व्याजाने, चार कोटी घरसंसारात, चाळीस हजार गुरे आणि पाचशे नांगर एवढे परिमाण ठेवले होते. प्रवासाच्या गाड्या पाचशे आणि ओझ्याच्या पाचशे, त्याही वेगवेगळ्या मोजून. त्याच्याकडे कमी नव्हते, पण जे लिहिले ते लिहिले.

तेव्हा ठरले ते असे. फ्लॅट घ्यायचा नाही, मुलाच्या घरातली एक खोली. रोह्याचे घर दोन वर्षे आहे तसे, मग बघू. घर-देरासरातील प्रतिमेचे उत्थापन आमच्या मनाने करायचे नाही. गुरुमहाराज चातुर्मास उठल्यावर या बाजूला येतील तेव्हा त्यांना विचारून, ते सांगतील त्या मुहूर्तावर. तोवर रोजच्या पूजेसाठी इथे कोणीतरी हवे, म्हणून जायची तारीखच कार्तिकी पौर्णिमेनंतर ढकलली. पॅकर्सवाल्याने त्यासाठी दर वाढवला. वाढवू दे.

कागदावर आता तीन रकाने आहेत. वाटखर्ची, ठाव आणि पाछो. तिसऱ्यात दोन माणसांचे बंगळुरू ते रोहा भाडे घातले आहे. ते बघून मुलगा फोनवर हसला, "मम्मी, ते तर ऑनलाइन केव्हाही काढता येतं." मी ते पैसे रोख काढून लाल कापडात बांधले आणि वहीसोबत पेटीत ठेवले.